उचिमुराची बेरीज

शंकेखोर : जपानचा जिम्नॅस्ट कोहेई उचिमुरा, त्याचं नाव निघालं की तुम्ही ‘सार्वकालिक श्रेष्ठ’ म्हणून मोकळे होता. मला मात्र ०.०९९ हा आकडा आठवतो. रिओ ऑलिंपिक, १० ऑगस्ट २०१६, पुरुषांची ऑल-अराउंड, म्हणजे सहाही साधनांच्या बेरजेची, अंतिम फेरी. पाच साधनं झाली तेव्हा युक्रेनचा ओलेग वेर्नियायेव्ह ०.९०१ गुणांनी पुढे होता. शेवटी उरला हायबार. उचिमुराला तिथे १५.८०० मिळाले, वेर्नियायेव्हला १४.८००. बेरीज केली तर एक ९२.३६५, दुसरा ९२.२६६. आता गंमत बघा. उतरताना पाय जरासा सरकला, एक लहानसं पाऊल पडलं, तर पंच ०.१ कापतात. म्हणजे सहा साधनांवरच्या सगळ्या मेहनतीनंतर या दोघांतलं अंतर एका छोट्या पावलाइतकंही नव्हतं. तेवढ्यावर आपण एकाला देव्हाऱ्यात बसवलं आणि दुसऱ्याचं नाव उच्चारायलाही शिकलो नाही. कारकिर्दीची अशी मोजणी मला पटत नाही.

चाहता : तुम्ही सगळ्यात निसटती लढत उचललीत आणि तिच्यावरून अख्ख्या कारकिर्दीचा हिशेब मांडताय. २०११ घ्या. टोकियोतली जागतिक स्पर्धा. उचिमुरा ९३.६३१, दुसरा आलेला फिलिप बॉय ९०.५३०. तीन गुणांहून जास्त फरक! जिथे दशांशावर झोपा उडतात तिथे तीन गुण म्हणजे मागचा माणूस दिसेनासा होतो. लंडन ऑलिंपिकला फरक दीड गुणाच्या वर होता. आणि २००९ ते २०१६ या काळात ऑल-अराउंडची एकही जागतिक किंवा ऑलिंपिक स्पर्धा त्याने हरलेली नाही. सहा जागतिक विजेतेपदं, दोन ऑलिंपिक सुवर्णं. निसटता विजय एकदा नशिबाने मिळतो, आठ वेळा लागोपाठ मिळत नाही. रिओचंच म्हणाल, तर स्पर्धा संपल्यावर एका पत्रकाराने उचिमुराला विचारलं होतं, पंचांची तुमच्यावर मेहेरनजर असते का? तेव्हा बाजूला बसलेला वेर्नियायेव्हच मध्ये पडला आणि हा प्रश्नच निरर्थक आहे म्हणाला. हरलेल्याला शंका नाही, तुम्हाला का?

शंकेखोर : हरलेल्याचा दिलदारपणा हा पुरावा होत नाही. आणि माझी शंका उचिमुरावर नाहीच, ती तराजूवर आहे. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कोरियाच्या यांग ताए-यंगच्या पॅरलल बारच्या सादरीकरणाचं काठिण्य पंचांनी ०.१ ने कमी धरलं. ऑल-अराउंडचं सुवर्ण अमेरिकेच्या पॉल हॅमकडे गेलं आणि कितीतरी दिवस भांडण चाललं. त्यानंतर २००६मध्ये ते जुनं, गोड, सगळ्यांना कळणारं ‘दहापैकी दहा’ मोडीत काढलं. आता काठिण्याचे गुण वेगळे, सफाईचे वेगळे. शास्त्रशुद्ध झालं म्हणाले. मग लंडन २०१२ला सांघिक अंतिम फेरीत काय झालं? जपानचं शेवटचं साधन पॉमेल हॉर्स, शेवटचा खेळाडू खुद्द उचिमुरा. उतरताना त्याचा तोल गेला, हातांवर उभं राहणं पुरं झालंच नाही, कसाबसा पायांवर आला. पंचांनी ते उतरणं धरलंच नाही. फलकावर जपान चौथा, ब्रिटनला रौप्य, युक्रेनला कांस्य. प्रेक्षक नाचायला लागले. जपानने अपील केलं, ०.७ गुण वाढवून मिळाले, जपान चौथ्यावरून दुसऱ्यावर. युक्रेनची पोरं पदकाशिवाय घरी गेली. मैदानावर घडायचं ते घडून गेलं होतं, पदकं मात्र पंचांच्या टेबलावर वाटली गेली.

चाहता : ही कथा तुम्ही अशी सांगता जणू ते गुण उचिमुराने खिशातून काढले. अपील नियमात आहे, तो प्रकार चित्रफितीवर पुन्हा पाहिला गेला. पण चला, तराजूत खोट आहे असं धरू. तरी तो तराजू ज्या गोष्टी मोजतो त्या तुम्ही-आम्ही डोळ्यांनी बघू शकतो. नवी पद्धत आली तेव्हा बहुतेकांनी काय केलं? काठिण्याचे गुण कमवायला एकापाठोपाठ एक अवघड करामती रचल्या. त्यात गुडघे वाकले, पावलं फाकली, शरीर कमरेत मोडलं, तरी हिशेबात फायदा होत होता. खेळ कुरूप होत चालला होता. उचिमुराचं वेगळेपण असं की त्याने काठिण्य सोडलं नाही आणि सफाईही सोडली नाही.

त्याचा हायबार एकदा आवाज बंद करून बघा. जमिनीपासून पावणेतीन मीटरवर पोलादाची कांब, अंगठ्यापेक्षा थोडी जाड. हाताला चामड्याच्या पट्ट्या, त्यावर मॅग्नेशियमची पांढरी पूड. दोनदा मोठे झोके घेतो तेव्हा त्याच्या वजनाने कांब वाकते आणि तीच वाकलेली कांब त्याला वर फेकते. मग कॅसिना : हात सोडून कांबेच्या वरून उलट्या दोन कोलांट्या, त्यातच एक पूर्ण गिरकी, आणि हे सगळं शरीर काठीसारखं सरळ ठेवून. खाली येताना कांब पुन्हा हातात. इतरांचंही बघा. कांब धरली की सुटका झाल्याचा एक झटका त्यांच्या खांद्यात दिसतो. उचिमुराच्या धरण्यात तो नाही, पुढचा झोका जणू आधीच सुरू झालेला असतो. रिओत हे करताना त्याची पाठ धरली होती. तरीही उतरला तेव्हा पाय जागचे हलले नाहीत. वेर्नियायेव्हचे हलले. तुमच्या ०.०९९चा उगम तिथे आहे, पंचांच्या टेबलावर नाही.

शंकेखोर : बरं, हायबारवरचं सौंदर्य मान्य. पण मग सहाच्या बेरजेचा एवढा सोस कशाला? एखादा पॉमेल हॉर्सवर जगात सर्वोत्तम आहे, तर तो अर्धा जिम्नॅस्ट कसा? मला तर ऑल-अराउंड हा पैसेवाल्या, जुन्या घराण्यांचा आदर्श वाटतो. उचिमुराचं घर बघा. आईवडील दोघंही जिम्नॅस्ट, नागासाकीजवळच्या इसाहायात त्यांची स्वतःची जिम. पोरगा तिसऱ्या वर्षी तिथे लोळायला लागला. पंधराव्या वर्षी टोकियोला गेला तो नाओया त्सुकाहाराच्या सोबत सराव करायला, म्हणजे ऑलिंपिक सुवर्णविजेत्याच्या शेजारी. पुढे क्रीडा विद्यापीठ, मग कोनामीसारख्या व्हिडिओ गेमच्या कंपनीचा संघ. सहाही साधनं एका हॉलमध्ये, खाली फोमचे खड्डे, प्रत्येक साधनाला जाणता प्रशिक्षक. हे किती देशांना परवडतं?

आपलंच घ्या. रिओच्या त्याच हॉलमध्ये, उचिमुराच्या विजयानंतर चार दिवसांनी, आपण सगळे मध्यरात्री टीव्हीसमोर बसलो होतो ते दीपा कर्माकरसाठी. व्हॉल्ट, प्रोदुनोवा ही अवघड उडी, चौथा क्रमांक, कांस्य ०.१५० ने हुकलं. त्रिपुराची पोर तिथवर पोचली ती एका साधनाच्या जोरावर. पुरुषांमध्ये आशिष कुमारने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुलात व्हॉल्टचं रौप्य आणि फ्लोअरचं कांस्य आणलं, तेही सुट्या साधनांवरच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये आयर्लंडच्या ऱ्हीस मॅक्लेनाघनने पॉमेल हॉर्सचं सुवर्ण नेलं, फिलिपिन्सच्या कार्लोस युलोने फ्लोअर आणि व्हॉल्टचं. लहान देशांना, गरीब व्यायामशाळांना दार उघडतं ते एका साधनाचं. तुमचा ऑल-अराउंडवाला महान असेल, पण त्याला श्रेष्ठ म्हणताना तुम्ही या बाकीच्यांना दुय्यम म्हणताय, हे तरी लक्षात घ्या.

चाहता : दीपाचं नाव काढून तुम्ही मला अडचणीत टाकलंत, कारण त्या रात्री मीही जागाच होतो. दुय्यम कुणालाच म्हणत नाही. पण बेरजेला मी मान देतो त्याचं कारण ऐका. पुरुषांची सहा साधनं सहा वेगळी शरीरं मागतात. रिंग्जवर दोन्ही हात आडवे ताणून दोन सेकंद निश्चल लटकायचं, तर खांदे बैलासारखे हवेत. पॉमेल हॉर्सवर तेच जड खांदे नडतात, तिथे हलकं अंग आणि लांब हात हवेत, दोन हातांवर गरगर फिरायचं असतं. फ्लोअर आणि व्हॉल्टला मांड्यांत स्फोट हवा, आणि त्याच भरदार मांड्या हायबारवर वजन होऊन ओढतात. म्हणजे ऑल-अराउंड करणारा माणूस सहा सासवांच्या घरात नांदत असतो. एकीला खूश केलं की दुसरी फुरंगटते. एका साधनाचा खेळाडू आपलं शरीर त्या साधनासाठी घडवतो, आणि त्यातही मोठेपणा आहे. पण उचिमुराने प्रत्येक वेळी स्वतःशीच तडजोड केली आणि ती बघणाऱ्याला दिसू दिली नाही.

दुसरी गोष्ट, पडण्याची. बीजिंग ऑलिंपिक २००८, वय १९. ऑल-अराउंडच्या अंतिम फेरीत तो पॉमेल हॉर्सवरून पडला. यादीत पार तळाशी गेला. एका साधनाचा खेळाडू पडला की त्याची स्पर्धा संपते. उचिमुराची तिथून सुरू झाली. उरलेल्या साधनांवर एकेक करत वर चढला आणि चीनच्या यांग वेईच्या मागे रौप्य घेऊन गेला. ग्लासगोत २०१५ला सांघिक अंतिम फेरीत हायबारवरून पडला, तरी जपान जिंकला, १९७८नंतरचं पहिलं जागतिक सांघिक विजेतेपद. ऑल-अराउंडमध्ये चुकीनंतरही पुढचं साधन असतं. मला वाटतं आयुष्याशी जास्त जवळचं हेच आहे.

शंकेखोर : आयुष्य मध्ये आणू नका, ते कुठल्याही खेळाला चिकटवता येतं. पडणाऱ्याला पुढचं साधन असतं म्हणालात, ते खरं. मग त्या पुढच्या साधनाची किंमतही सांगा. सहा साधनं म्हणजे सहापट उतरणं, सहा तऱ्हांचे झटके. २०१७ला मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेत व्हॉल्टवरून उतरताना घोटा गेला, स्पर्धा सोडावी लागली. तिथेच ती अजिंक्य मालिका तुटली, आणि कुणी हरवून नाही, स्वतःच्याच पायाने तुटली. मग खांदे. शेवटी २०२०मध्ये त्याने जाहीर केलं की यापुढे फक्त हायबार. ज्या माणसाने आयुष्यभर सांगितलं की सहा साधनं म्हणजेच खरं जिम्नॅस्टिक्स, त्याने घरच्या ऑलिंपिकसाठी एक साधन निवडलं. ही माझ्या बाजूची कबुलीच नव्हे का? आदर्श परवडेनासा झाला तेव्हा तो बाजूला ठेवला. त्यात दोष नाही. पण मग तो आदर्श म्हणजे तरुण, धडधाकट शरीराची चैन होती, एवढं तरी म्हणा.

चाहता : त्या निर्णयाने मला त्या वेळी वाईट वाटलं होतं, हे खरं. पण त्याच्या जागी उभे राहा. रिओनंतर तो कंपनी सोडून जपानचा पहिला व्यावसायिक जिम्नॅस्ट झाला. नागासाकीच्या नूडल्सची उपाहारगृहं चालवणारी कंपनी त्याची पुरस्कर्ती झाली. खेळ टीव्हीच्या वेळेबाहेरही लोकांना माहीत व्हावा, मुलांनी जिमकडे वळावं, हा हेतू त्याने उघड बोलून दाखवला होता. घरचं ऑलिंपिक जवळ आलं, मग कोविडने वर्षभर पुढे गेलं. वय ३२. घरी बसायचं की एका कांबेवर का होईना, उतरायचं? तो उतरला. २४ जुलै २०२१, पात्रता फेरी, टोकियोतलं आरिआके. हात सोडून कांब पुन्हा धरायच्या सगळ्या अवघड करामती पार पडल्या, ब्रेटश्नायडरसुद्धा. आणि नंतर एका साध्या वाटणाऱ्या फिरकीवर हात निसटला. १३.८६६, विसावा क्रमांक. बेरीज नव्हती, पुढचं साधन नव्हतं. एका साधनाच्या खेळाडूला पडल्यावर काय वाटतं ते त्याला त्या दिवशी कळलं असेल. म्हणून म्हणतो, ती कबुली नव्हती. तो तुमच्या बाजूला येऊन तुमच्या खेळाडूंइतकाच उघडा पडला.

त्याच ऑलिंपिकमध्ये जपानच्या १९ वर्षांच्या दाइकी हाशिमोतोने ऑल-अराउंडचं सुवर्ण घेतलं आणि हायबारचंही. पॅरिसला पुन्हा जपानच, ओका शिन्नोसुके. म्हणजे उचिमुराने जपलेली वाट बुजलेली नाही.

शंकेखोर : जपानमध्ये बुजलेली नाही. बाहेर बघा. आता सांघिक अंतिम फेरीत एका साधनावर तिघेच उतरतात आणि तिघांचेही गुण धरतात. त्यामुळे संघ निवडणारा बेरीज बघतो ती खेळाडूची नाही, संघाची. पॅरिसमध्ये अमेरिकेने स्टीफन नेडोरोसिकला घेतलं ते फक्त पॉमेल हॉर्ससाठी. संध्याकाळभर चष्मा घालून बाकावर बसला, शेवटी चष्मा काढून उतरला, एकदाच उतरला, आणि अमेरिकेला १६ वर्षांनी पुरुषांचं सांघिक पदक मिळालं. जग त्याच्यावर फिदा झालं, ते उगाच नाही. लोकांना त्या बाकावरच्या माणसात स्वतःचं काही दिसलं. उचिमुरामध्ये काय दिसतं? आपण कधीच होऊ शकणार नाही असा माणूस.

चाहता : म्हणून तर बघायचा! आपल्यासारखाच माणूस बघायला स्टेडियम कशाला हवं? पण तुमचा मुद्दा मला वेगळ्या वाटेने पटतो. नेडोरोसिक आवडतो कारण त्याचं काम कळतं, एक साधन, एक मिनिट, झालं. उचिमुरा समजायला वेळ लागतो, सहाही साधनं बघावी लागतात, आधीच्या साधनाचा थकवा पुढच्यावर कसा लपवला ते शोधावं लागतं. टीव्हीचा प्रेक्षक तेवढा थांबत नाही. ऑल-अराउंड मागे पडलं असेल तर त्यात आपला उतावळेपणाही आहे.

टोकियोत पडल्यावरचं त्याचं वागणं बघा. तीन महिन्यांनी, ऑक्टोबर २०२१मध्ये, जागतिक स्पर्धा किताक्यूशूला होती, त्याच्या जन्मगावी. हायबारची अंतिम फेरी, सहावा आला, पण उतरला तो पाय रोवून. जानेवारीत निवृत्ती जाहीर केली. आणि १२ मार्च २०२२ला टोकियोच्या महानगर जिम्नॅशियममध्ये निरोपाचा कार्यक्रम ठेवला. फक्त हायबारवर झोके घेऊन हात हलवता आला असता, लोक तेवढ्यावरही रडले असते. त्याने सहाही साधनं केली. दुखऱ्या खांद्यांनी रिंग्जसुद्धा. पदक नव्हतं, क्रमांक नव्हता, कुणाला हरवायचं नव्हतं. तुमचा तराजू तिथे नव्हताच. मग त्याने सहा का केली? कारण सहाची बेरीज त्याच्यासाठी गुणांची नव्हती. आदर्श चैनीचा असता तर निरोपाला कुणी एवढं सहन केलं असतं?

शंकेखोर : हे तुमचं सगळ्यात वजनदार बोलणं झालं, आणि त्याने माझा एक आक्षेप खरंच निकालात निघतो. बेरीज ही पंचांची भानगड आहे असं मी म्हणत होतो; त्या दिवशी ती निव्वळ त्याची होती. पण तुमच्याच बोलण्यातून आता प्रश्न जास्त टोकदार होतो. ज्या हॉलमध्ये तराजू नाही तिथे सहा साधनांचा आदर्श शुद्ध राहतो. जिथे संघात जागा मिळवायची असते तिथे तराजू लागतोच. आणि तिथे आदर्श कामी येत नाही, आदर्शातून मिळालेली पत कामी येते.

टोकियो ऑलिंपिकच्या निवडीत काय घडलं ते बघा. जपानकडे वैयक्तिक खेळाडूची एक जागा उरली होती. दावेदार दोन : हायबारवर उचिमुरा आणि व्हॉल्टवर हिदेनोबू योनेकुरा. योनेकुरा व्हॉल्टचाच माणूस. जून २०२१च्या शेवटच्या निवड स्पर्धेनंतर दोघांचे निवडगुण समान झाले. बरोबरी फोडायचा नियम होता, त्याने कौल उचिमुराकडे गेला. त्यालाही त्या दिवशी आनंद झालेला दिसला नाही. आता सांगा, आयुष्यभर एकच साधन घासणाऱ्याची जागा सहा साधनांच्या राजाने एका साधनावर घेतली, यात तुमचा आदर्श जिंकला की माझा?

चाहता : नियम आधीच लिहिलेले होते. उचिमुराने काही मागितलं नव्हतं.

शंकेखोर : मागितलं नव्हतं, मान्य. मी अन्याय झाला म्हणतच नाहीये. उचिमुराच्या कारकिर्दीची पानं लिहिताना तीन ऑलिंपिक सुवर्णं, चार रौप्यं, सहा जागतिक ऑल-अराउंड विजेतेपदं लिहाल. मॉन्ट्रियलचा घोटा लिहाल, आरिआकेतली निसटलेली फिरकी लिहाल, निरोपाची सहा साधनंही लिहाल. त्याच पानावर योनेकुराला कुठे बसवणार?

चाहता : बसवावं लागेल, हे कळतं. पण त्याच्यासाठी सहाची बेरीज खाली आणायला मी तयार नाही.

शंकेखोर : आणू नका. फक्त टोकियोचं पान पुरं लिहा. जागा एक होती. तिच्यावर उचिमुरा गेला आणि पात्रता फेरीत विसावा आला. योनेकुरा त्या ऑलिंपिकला गेला नाही.